फील्डर जाडा होता म्हणून संपला?

नमनाला घडाभर तेल नको. २००६ पासून पुढची पाच-सहा वर्षे अमेरिकन बेसबॉलमध्ये एक वाद चांगलाच रंगला होता. मिलवॉकी ब्रुअर्सचा प्रिन्स फील्डर मोठा की फिलाडेल्फिया फिलीजचा रायन हॉवर्ड? दोघेही पहिल्या बेसवर उभे राहणारे, दोघेही डावखुरे फलंदाज आणि दोघेही अंगाने आडदांड. नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होमरन २००६ साली हॉवर्डचे (५८), २००७ साली फील्डरचे (५०), २००८ साली पुन्हा हॉवर्डचे (४८). यातला कोण जास्त टिकेल, कोण पाचशे होमरनपर्यंत पोचेल, यावर चाहते हमरीतुमरीवर येत. दोघांचाही खेळ २०१६ मध्येच आटोपला. आता जाणकार म्हणवणारी मंडळी एका वाक्यात निकाल देऊन मोकळी होतात, "जाडे होते हो, संपणारच होते!"

माझे भांडण या वाक्याशी आहे.

गोव्यात बसून फुटबॉल सोडून हे काय, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. पण गोवेकर दिसला की 'सुशेगाद' म्हणून शिक्का मारणारे पाहुणे आपण रोज बघतो. अंगकाठीवरून माणसाच्या कष्टाचे माप काढणारे हे लोक त्याच जातकुळीचे.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. होमरन म्हणजे साधारण आपला षटकार. पहिला बेस ही मैदानावरची त्यातल्या त्यात कमी धावपळीची जागा. क्रिकेटमध्ये जड अंगाच्या माणसाला स्लिपमध्ये उभे करतात ना, तसेच. त्यामुळे इथल्या खेळाडूला बॅट चालली तरच किंमत. बॅट मंदावली की दाखवायला दुसरे काही उरत नाही. दोघांच्या भवितव्यातला खरा धोका हा होता. पोटाचा घेर हा नव्हे.

आता आकडे बघा. २००९ ते २०१३ या पाच हंगामांत संघाचे ८१० सामने झाले, त्यातले फील्डर ८०९ खेळला. एक चुकला! आमच्या कचेरीतल्या मस्टरवर अशी हजेरी मला अजून दिसलेली नाही. २००८ मध्ये या गड्याने मांसाहार सोडला, तेव्हा 'आता याची ताकद गेली' म्हणणारेही निघाले. (नुस्त्याशिवाय घास न उतरणाऱ्या आम्हा लोकांनाही क्षणभर ते पटले असते.) पण २००९ साली त्याने ४६ होमरन मारले आणि १४१ धावा घडवून आणल्या. गंमत म्हणजे हॉवर्डच्याही त्या वर्षी बरोबर १४१. मग फील्डर संपला कशाने? मानेच्या मणक्यामुळे. २०१४ मध्ये एक शस्त्रक्रिया झाली, २०१५ मध्ये तो परत येऊन १५८ सामने खेळला, २०१६ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी खेळायला परवानगी नाकारली. वय ३२, होमरन ३१९. वडील सेसिल फील्डर यांचेही होमरन ३१९च. हे बापलेकाचे गणित कोणी कादंबरीत घातले असते तर आपण नाक मुरडले असते.

हॉवर्डची गोष्ट वेगळी. तो फील्डरपेक्षा साडेचार वर्षांनी मोठा, आणि फिलीजच्या पहिल्या बेसवर जिम थोमी हा बडा खेळाडू बसलेला. थोमी २००५ मध्ये जखमी झाला तेव्हा कुठे हॉवर्डला कायमची जागा मिळाली. तोवर त्याची पंचविशी सरली होती. वरची खुर्ची रिकामी होत नाही म्हणून बढती अडकणे म्हणजे काय, हे सरकारी नोकराला समजावायला नको. तरीही त्याने अवघ्या ६५८ सामन्यांत दोनशे होमरन गाठले. इतक्या वेगाने कोणीच गेले नव्हते.

पण त्या झगमगाटात लोकांनी बाकीचे पाहिले नाही. धावा घडवून आणण्याचा आकडा पुढचे साथीदार बेसवर असतील तरच फुगतो, आणि हॉवर्डच्या पुढे रॉलिन्स, अटली यांच्यासारखे खेळाडू होते. २००७ आणि २००८ या दोन्ही वर्षी तो १९९ वेळा स्ट्राइकआउट झाला. समोर डावखुरा पिचर आणला की तो बावचळायचा. संपूर्ण कारकिर्दीत शंभर वेळा बॅट घेऊन आला तर फील्डर ३८ वेळा बेसवर पोचला, हॉवर्ड ३४ वेळा. सामने फील्डरचे १६११, हॉवर्डचे १५७२. म्हणजे 'जाडा, लवकर मोडलेला' फील्डर जास्त सामने खेळला आणि चांगला खेळला. हॉवर्डचे होमरन ३८२, ते मान्य. तरी माझे मत फील्डरलाच.

राहता राहिले पैसे. फिलीजने एप्रिल २०१० मध्ये, जुना करार २०११ अखेरपर्यंत चालू असताना, २०१२ ते २०१६ साठी हॉवर्डला साडेबारा कोटी डॉलर लिहून दिले. तिशीतल्या माणसाच्या पुढच्या पाच वर्षांचा भाव मागच्या पाच वर्षांकडे बघून लावला. करार लागू होण्याआधीच, ७ ऑक्टोबर २०११ ला, कार्डिनल्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात शेवटच्या चेंडूवर धावताना त्याच्या डाव्या टाचेवरचा अकिलीस स्नायुबंध तुटला. संघ १-० असा हरला आणि हा वाटेतच मैदानावर पडून राहिला. नंतरचा हॉवर्ड पूर्वीचा राहिला नाही. २०१४ मध्ये १९० स्ट्राइकआउट, २०१६ मध्ये सरासरी .१९६. शेवटी २०१७ साली त्याला ठेवायचे नाही म्हणून करारातल्या अटीप्रमाणे आणखी एक कोटी डॉलर मोजावे लागले.

या सगळ्या वर्षांत फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती हॉवर्डची. सही घेणारे साहेब वरच्या काचेच्या खोलीत बसत, तिथपर्यंत तो आवाज पोचत नसावा.