वजन उतरलं, मग दंड का उतरत नाहीत?

वर्षभर पथ्य पाळलं, भात वाटीने मोजून खाल्ला, सकाळी लोधी गार्डनमध्ये नेमाने फेऱ्या मारल्या. वजनाचा काटा पंधरा किलोंनी खाली आला. जुने ब्लाउज शिंप्याकडे गेले, त्याने छाती आणि कंबर आत घेऊन दिली. बाही मात्र होती तशीच ठेवावी लागली. उलट, हात वर केला की दंडाखालचा भाग पूर्वीपेक्षा जास्तच लोंबताना दिसतो.

दिल्लीत ही तक्रार साधारण एप्रिलमध्ये बाहेर पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वेटर आणि शाल सगळं झाकून टाकतात. उन्हाळ्यात आखूड बाह्यांचे कपडे निघतात, त्यात लग्नसराई येते आणि आरशासमोर मन खट्टू होतं. इथेच दोन चुका होण्याचा धोका असतो. एक म्हणजे ‘एवढं करून काय मिळालं?’ असं म्हणून पथ्य आणि व्यायाम सोडून देणं. दुसरी म्हणजे एखाद्या जाहिरातीवर विश्वास ठेवून हजारो रुपये आगाऊ भरणं. दोन्ही टाळायच्या असतील, तर दंडावर नेमकं काय उरलं आहे ते आधी ओळखायला हवं.

चरबी की सैल त्वचा?

घरच्या घरी करण्यासारखी चाचणी सोपी आहे. हात बाजूला सैल सोडा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, दंडाच्या मागच्या बाजूची त्वचा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने चिमटीत धरा. आहारतज्ज्ञ शरीरातली चरबी चिमट्याने मोजतात, त्यातली एक जागा हीच असते. चिमटीत जाड, मऊ आणि भरीव घडी आली, तर तिथे अजून चरबी आहे. घडी पातळ असेल, कापडासारखी उचलली जात असेल आणि तिला सुरकुत्या पडत असतील, तर ती सैल त्वचा आहे. बहुतेकांच्या बाबतीत थोडं हे, थोडं ते असतं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. चरबी आहाराने आणि व्यायामाने घटते. त्वचेचं तसं नाही. कोलॅजन आणि इलॅस्टिन या धाग्यांमुळे त्वचा ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. ती अनेक वर्षं ताणलेली राहिली, की हे धागे कमकुवत होतात. वाढतं वय, ऊन आणि धूम्रपान त्यात भर घालतात. पंचविशीत वजन घटवलेल्या मुलीची त्वचा जेवढी आवळते, तेवढी पन्नाशीत आवळत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. एकच दंड सुजला असेल, दुखत असेल किंवा गाठ लागत असेल, तर हा सौंदर्याचा प्रश्न समजू नका. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांनी तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

फक्त दंडाचीच चरबी जाळता येते का?

नाही. रोज शंभर वेळा हात फिरवले म्हणून त्याच जागेची चरबी विरघळत नाही. स्नायूला लागणारी चरबी शेजारून येत नाही, ती रक्तातून येते आणि रक्तात ती साऱ्या शरीरातून उतरते. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दंड मोजून हेच तपासलं गेलं. खेळण्याचा हात वर्षानुवर्षं कितीतरी जास्त राबलेला, त्याचा घेरही मोठा. पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच निघाला.

चरबी आधी कुठली जावी हे आनुवंशिकता आणि हार्मोन्स ठरवतात. कुणाचा चेहरा आधी उतरतो, कुणाचं पोट. ज्यांच्या आई-मावशीचे दंड जाड, त्यांचे दंड बहुधा शेवटी बारीक होतात. म्हणून चिमटीत अजून जाड घडी येत असेल, तर एकूण वजन आणखी थोडं घटवण्याला वाव आहे का ते पाहावं. भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी २३ म्हणजे सुमारे ५५ किलो.

वजन या मर्यादेत आलं असेल, तर दंडापायी उपासमार करू नये. जास्त उपाशी राहिलं की स्नायूही झडतात आणि त्वचा आणखी रिकामी दिसते.

रिकामी पिशवी भरा

दंडाच्या जाडीतला जवळजवळ दोन-तृतीयांश स्नायू मागच्या बाजूचा, म्हणजे ट्रायसेप्सचा असतो. लोंबतो तो भागही नेमका त्याच्याखालचा. हा स्नायू भरला, की सैल त्वचेला आतून आधार मिळतो. व्यायामाने चरबी तिथून उचलली जात नसली, तरी दंडाचा आकार सुधारतो तो असा.

यासाठी जिमची फी भरलीच पाहिजे असं नाही. हिवाळ्यात दिल्ली, नोएडा, गुरुग्रामची हवा इतकी बिघडते, की सकाळचं बाहेर फिरणं अनेकदा बंद ठेवावं लागतं. तेव्हा हे व्यायाम घरात सहज होतात.

भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहा, तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेका आणि कोपरं बरगड्यांजवळ ठेवून पुढे-मागे व्हा. दुसरा व्यायाम खुर्चीत बसून करायचा. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे सुमारे एक किलो वजन, दोन्ही हातांनी डोक्यावर धरा. कोपरं दुमडून ती मानेमागे न्या आणि हात पुन्हा सरळ करा. प्रत्येक व्यायाम १० ते १२ वेळा, असे दोन-तीन फेरे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस विश्रांती हवी. श्वास रोखू नये. सोपं वाटू लागलं की वजन वाढवावं, नाहीतर स्नायू तिथेच थांबतो. खांदा दुखत असेल किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

स्नायूला प्रथिनं लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीच्या वरणात सुमारे ७ ग्रॅम. पोळी-भाजी आणि चहावर दिवस काढणाऱ्या गृहिणीचा हा हिशेब सहसा जुळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र मनाने प्रथिनं वाढवू नयेत.

वजन घटवण्याच्या इंजेक्शनांवर असलेल्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावं. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि जून २०२५ मध्ये ‘वेगोवी’ भारतात आलं. या औषधांनी भूक कमी होते आणि वजन भराभर उतरतं. पण चरबीबरोबर स्नायूही जातात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेतानाच पहिल्या दिवसापासून प्रथिनं आणि स्नायूंचा व्यायाम ठेवला, तर पुढचा त्रास कमी होतो.

पैसे भरण्यापूर्वी

पोटऱ्यांना, दंडांना गुंडाळायच्या पट्ट्यांनी घाम येतो. घटतं ते पाणी, आणि दोन ग्लास प्यायल्यावर ते परत येतं. क्रीमने त्वचा तुकतुकीत होते, आवळत नाही. चरबी गोठवण्याच्या यंत्राने थोडी चरबी घटू शकते, पण लोंबणारी त्वचा तशीच राहते. क्वचित चरबी उलट वाढतेही. कॅनडाची प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने २०२१ मध्ये स्वतःचा असा अनुभव जाहीर केला होता.

खूप वजन घटल्यावर उरलेली त्वचा काढण्याचा खात्रीचा मार्ग शस्त्रक्रियेचा. तिला ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. त्वचा कमी होते, पण काखेपासून कोपराकडे जाणारा व्रण कायम राहतो, आणि आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर तो काळसर किंवा उंचवट्याचा होऊ शकतो. वजन किमान सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय हा विचार करू नये. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतला पदवीधर आहे का, हे स्पष्ट विचारावं. दिल्लीत एम्स आणि सफदरजंग या सरकारी रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. निदान सल्ला तरी तिथे घेता येईल.

औषधाने लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने बंदी आहे, हेही ठाऊक असू द्या. पॅकेज घ्यायचंच असेल, तर आश्वासन आणि पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या, पावती जपून ठेवा. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही.

खरी कमाई विसरू नका

दिल्लीच्या एम्स आणि फोर्टिस सी-डॉकमधल्या तज्ज्ञांनी इतरांसह जानेवारी २०२५ मध्ये भारतीयांसाठी लठ्ठपणाची नवी व्याख्या मांडली. तिच्यात भर आहे तो पोटाच्या घेरावर आणि लठ्ठपणामुळे जडणाऱ्या आजारांवर. दंडाच्या घेराला तिथे जागा नाही. मधुमेह आणि हृदयविकाराशी खरं नातं पोटाच्या चरबीचं. स्त्रियांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचा ९० च्या आत आला असेल, तर वर्षभराचे कष्ट फुकट गेलेले नाहीत. जिना चढताना दम लागत नाही, गुडघे कुरकुरत नाहीत, ही त्याचीच पावती.

म्हणून पथ्य सोडू नका. आज टेपने दंडाचा आणि कमरेचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. बाटलीचा व्यायाम सुरू करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. दंडाचा घेर कदाचित तेवढाच भरेल, पण चिमटीतला फरक हाताला कळेल. तोवर बाही कोपरापर्यंत शिवायची की आखूड, हे लोकांच्या नजरेवर न सोडता स्वतःच्या सोयीने ठरवा.