आवाज येत नाही? नवीन घ्या!

परवा वागळे इस्टेटमधला एक मित्र वैतागून म्हणाला, "अरे, हा छोटा कॉम्प्युटर भंगार आहे. यूएसबी साउंड कार्ड लावलं, काल वाजलं, आज मुकं! नवीनच घेतो."

हे 'नवीनच घेतो' मला फार खुपतं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत याच वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. तिथे मशीन अडलं की आधी उघडून बघायचे. आपण बघतसुद्धा नाही!

बरं, बिघडलं काय होतं? कुठूनतरी उतरवलेली एक ओळ: 'कार्ड १ वापर'. लिनक्समध्ये हा नंबर बँकेतल्या टोकनसारखा असतो. जो आधी आला, त्याला आधीचा. एचडीएमआयलाही असाच नंबर मिळतो. पुढच्या वेळी सुरू करताना क्रम बदलला की आवाज भलतीकडेच जातो. 'एप्ले, उणे एल' ही कमांड दिली की कार्डांची यादी नावांसकट दिसते. स्क्रीनशिवाय चालणाऱ्या बोर्डावर 'एसाउंड डॉट कॉन्फ' फाइलमध्ये नंबराऐवजी ते नाव लिहायचं. झालं!

म्हणे, एवढं वाचायला वेळ कुणाला आहे? अहो, नव्या कार्डावरही तीच ओळ डकवाल आणि पुन्हा मुकेच व्हाल! २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ ला तर हेडफोनचं भोकच नाही, म्हणजे पळवाटही बंद.

मित्राने नाव लिहिलं. जुनंच कार्ड वाजतंय. असो.