आज्ञा आणि विवेक

मैदानाच्या मधोमध दोऱ्या ताणून रिंगण आखलेले असते. परीक्षक गुणपत्रक घेऊन एका बाजूस उभा असतो आणि रिंगणात एक माणूस व एक कुत्रा, एवढे दोघेच असतात. परीक्षक 'पुढे', 'डावीकडे', 'जलद', 'थांबा' अशा सूचना देतो. त्या सूचना माणसासाठी असतात. कुत्र्याने फक्त आपल्या माणसाकडे पाहायचे. माणूस वळला की वळायचे आणि माणूस थांबला की त्याच्या डाव्या पायाशी, सांगण्याची वाट न पाहता, सरळ बसायचे. पट्टा ताणला गेला, पाऊल मागे राहिले, बसताना अंग थोडे तिरके झाले, तरी गुण कापले जातात. बाहेर खुर्च्यांवर बसलेली मंडळी श्वास रोखून पाहत असतात. अमेरिकेतील श्वान आज्ञापालन स्पर्धांचे हे नेहमीचे दृश्य.

या स्पर्धेचा हिशोब व्यापारी माणसाला चटकन उमगावा असा आहे. प्रत्येक जोडीच्या खाती आरंभी पूर्ण २०० गुण जमा असतात आणि चूक होईल तसतसे ते वजा होत जातात. अखेरीस किमान १७० गुण शिल्लक राहिले तर ती जोडी उत्तीर्ण. मात्र प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक गुण मिळावे लागतात. एका प्रकारातील भरभराटीने दुसऱ्यातील तूट झाकता येत नाही. पहिली पदवी हवी असेल तर असे यश तीन वेळा मिळवावे लागते, आणि तेही किमान दोन निरनिराळ्या परीक्षकांसमोर. एखाद्या दिवसाचे नशीब किंवा एखाद्या परीक्षकाची मेहेरबानी तेथे पुरत नाही.

श्रेणी वाढते तशी परीक्षा अवघड होते. लाकडी डंबेल उडी मारून आणायचे. हाक ऐकून धावत येताना इशारा होताच वाटेतच आडवे पडायचे. तोंडातून शब्द न काढता केवळ हाताच्या खुणेवर उभे राहायचे, बसायचे, यायचे. एकसारख्या दिसणाऱ्या चामड्याच्या आणि धातूच्या अनेक वस्तूंमधून मालकाच्या हाताचा वास लागलेली वस्तू हुंगून शोधून आणायची. हे सारे खाऊचा तुकडाही न दाखवता, कारण रिंगणात खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असते.

अमेरिकेत या स्पर्धांची सुरुवात एका स्त्रीच्या हट्टातून झाली. हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाई पूडल जातीचे कुत्रे पाळत. केसांची नक्षीदार छाटणी केलेले हे कुत्रे केवळ शोभेचे, त्यांना अक्कल ती काय असणार, असे लोक म्हणत. बाईंनी वाद घातला नाही. इंग्लंडमध्ये चालणाऱ्या चाचण्यांच्या धर्तीवर त्यांनी १९३३ साली न्यूयॉर्क राज्यात माउंट किस्को येथे स्पर्धाच भरवली. त्या पहिल्या स्पर्धेत अवघे आठ कुत्रे होते. पुढे तीनच वर्षांनी, १९३६ साली, अमेरिकन केनेल क्लबने या स्पर्धांना अधिकृत मान्यता दिली. रूप पाहून किंमत ठरविण्याऐवजी काम पाहून ठरवावी, हा त्यामागचा साधा विचार होता.

आज काही श्वानसंघ अशी एखादी स्पर्धा सहाय्यक श्वान तयार करणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी भरवतात. स्पर्धकांचे प्रवेश शुल्क, सोडतीची तिकिटे, घरून करून आणलेल्या केक-बिस्किटांचे टेबल, अशा लहानलहान ओढ्यांतून निधी गोळा होतो. कष्टाचे काम स्वयंसेवक करतात. जागेचे भाडे आणि छपाई वजा जाता जे उरेल ते संस्थेला जाते. रक्कम डोळे दिपविणारी नसते. पण शंभर हातांनी थोडेथोडे घातलेल्या दानपेटीचे जे मोल असते, ते तिलाही असते.

दुपारच्या विश्रांतीत बहुधा त्या संस्थेचे प्रात्यक्षिक होते, आणि लक्षपूर्वक पाहणाऱ्याला तेथेच एक विलक्षण गोष्ट दिसते. एक अंध व्यक्ती आपल्या श्वानासह रिंगणात येते. श्वानाच्या अंगावर कातडी साज असतो आणि त्याला जोडलेली ताठ मूठ त्या व्यक्तीच्या डाव्या हातात असते. वाटेत मुद्दाम एक अडथळा मांडलेला असतो. व्यक्ती म्हणते, "पुढे." श्वान हलत नाही. पुन्हा आज्ञा होते, "पुढे." तो जागचा ढळत नाही, उलट अंग आडवे घालून वाट अडवतो. व्यक्ती पाऊल पुढे सरकवून चाचपते, अडथळा ओळखते आणि श्वानाच्या पाठीवरून हात फिरवते. मैदान टाळ्यांनी भरून जाते.

सकाळी याच रिंगणात, हाक दिल्यावर जागचा न हललेला एक कुत्रा त्याच क्षणी अपात्र ठरलेला असतो. दुपारी आज्ञा मोडणाऱ्याला शाबासकी मिळते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांत विरोध नाही, हे समजून घेण्यातच या विषयाचे मर्म आहे.

प्रशिक्षक या गुणाला विवेकी अवज्ञा म्हणतात. सर्वसाधारण समज असा असतो की, अंध माणूस कुत्र्यामागून जातो आणि कुत्रा त्याला हव्या त्या ठिकाणी पोहोचवतो. वस्तुस्थिती तशी नाही. कोठे जायचे, कोणत्या वळणावर वळायचे हे माणूसच ठरवतो. रस्त्याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. सिग्नलचा दिवा लाल की हिरवा, याचा निवाडा श्वान करीत नाही. वाहनांचा आवाज ऐकून रस्ता केव्हा ओलांडायचा तेही माणूसच ठरवतो. श्वानाचे काम पदपथाच्या कडेशी थांबणे, खांब, खड्डे आणि डोक्याला लागेल अशी खाली आलेली फांदीही चुकवून नेणे हे आहे. आणि माणसाचा अंदाज चुकून त्याने भरधाव मोटारीपुढे पाऊल टाकण्याची आज्ञा दिली, तर ती न पाळणे, हे त्याचे सर्वांत मोठे काम आहे.

दोघांच्या चालण्यातही हा फरक दिसतो. स्पर्धेतील कुत्रा मान वर करून मालकाच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत चालतो. सहाय्यक श्वानाची नजर मात्र पुढच्या रस्त्यावर असते. एकाची निष्ठा नजरेत भरते. दुसऱ्याची निष्ठा वाट पाहण्यात असते, कारण ज्याच्यासाठी तो पाहतो त्याला स्वतःला पाहता येत नाही.

परंतु अवज्ञेचा हा अधिकार आधी आज्ञापालन पुरते अंगी बाणल्याशिवाय मिळत नाही. बसणे, थांबणे, बोलावताच येणे, खाद्य दिसले तरी मन न चळू देणे, हा पाया दोघांचाही एकच. ज्याला आज्ञा कळतच नाही, त्याचे न ऐकणे हा केवळ हूडपणा. आज्ञा कळूनही, ती देणाऱ्याच्या हितासाठी जो थांबतो, त्याच्याच थांबण्याला विवेक म्हणावे. पेढीवरचा जुना मुनीम शेटजींचा शब्द वर्षभर खाली पडू देत नाही. पण एखाद्या दिवशी चुकीच्या कागदावर सही होऊ घातली तर तोच दौत बाजूला सरकवतो. घराण्यांच्या पेढ्या अशा माणसांनी राखल्या आहेत.

अमेरिकेत या कार्याचे बीज एका तरुणाच्या पत्राने रुजले. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे राहणाऱ्या मॉरिस फ्रँकने एक डोळा सहाव्या वर्षी आणि दुसरा सोळाव्या वर्षी, दोन निरनिराळ्या अपघातांत गमावला होता. तो विमा विकून चार पैसे मिळवी. पण फिरण्यासाठी पगारी मुलावर अवलंबून राहावे लागे. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्याच्या वडिलांनी त्याला एका साप्ताहिकातील लेख वाचून दाखविला. तो स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांना शिकविणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंचा होता. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांना श्वान कसे मार्ग दाखवतात, याचे वर्णन त्यात होते. फ्रँकने बाईंना पत्र लिहिले: मला असा एक श्वान द्या, मी परत येऊन इतर अंधांना ही विद्या शिकवीन, अशा आशयाचे. मागणीबरोबरच परतफेडीचे वचन देणारे ते पत्र होते.

बाईंनी त्याला बोलावले. आंधळा तरुण एकटा प्रवास कसा करणार? एका कंपनीने त्याला चक्क पार्सल म्हणून नोंदवून युरोपास पोहोचविले. जातानाचा तो असा एक जिन्नस होता. १९२८ च्या जूनमध्ये परतताना बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री सोबत घेऊन स्वतःच्या पायांनी उतरला. न्यूयॉर्कच्या वार्ताहरांनी आव्हान दिले, तेव्हा वाहनांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट त्याने बडीच्या भरवशावर ओलांडून दाखविला आणि युस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली: 'यश'. लगोलग जानेवारी १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था नॅशव्हिल येथे स्थापन झाली. पुढे ती न्यू जर्सी राज्यात गेली आणि आजही कार्यरत आहे. इंग्लंडमध्ये १९३१ साली वॉलसी या गावी पहिले चार मार्गदर्शक श्वान तयार झाले, तेही याच प्रेरणेतून.

निधी नेमका कशाला लागतो, हे पाहिले की रिंगणाबाहेरच्या त्या लहान टेबलाचे महत्त्व कळते. पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाले की ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढायला जाते. ते कुटुंब त्याला घरात राहायला, गर्दीत न बावरायला, पाहुण्यांवर उड्या न मारायला शिकवते. पिल्लू साधारण सव्वा वर्षाचे झाले की ते संस्थेला परत करायचे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. तरीही त्या दिवशी घरातील मुले रडतात आणि मोठी माणसे पाठ फिरवून डोळे पुसतात. पुढे काही महिने संस्थेतील प्रशिक्षण चालते. प्रशिक्षक स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, वाहत्या रस्त्यावर आपला जीव त्या श्वानाच्या हाती देतो, तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. सगळेच श्वान यात उतरत नाहीत. या वर्षा-दोन वर्षांतील खाणे, औषधपाणी, प्रशिक्षकांचे पगार आणि न उतरलेल्या श्वानांवरचा खर्चही अखेर दात्यांच्या पैशांतूनच भागवावा लागतो.

आणि एवढा खर्च करून तयार झालेला श्वान घेणाऱ्याला कितीला मिळतो? 'द सीइंग आय' संस्था पहिल्या श्वानासाठी १५० डॉलर, नंतरच्या प्रत्येक श्वानासाठी ५० डॉलर आणि माजी सैनिकाकडून अवघा एक डॉलर घेते. इंग्लंडमधील संस्था नाममात्र ५० पेन्स घेते. हिशोबाच्या दृष्टीने ही रक्कम नगण्य. पण ती देणारा माणूस याचक राहत नाही, ग्राहक होतो. आपल्या श्वानाचे मोल आपण चुकते केले, असे तो ताठ मानेने म्हणू शकतो. उलट, कॅलिफोर्नियात १९७५ साली सुरू झालेली 'कॅनाइन कंपॅनियन्स' ही संस्था शारीरिकदृष्ट्या अपंग व कर्णबधिर व्यक्तींना श्वान पूर्णपणे विनामूल्य देते, म्हणजे पैशांअभावी कोणी दाराबाहेर राहू नये. दोन्ही वाटा खऱ्या दानाच्याच आहेत. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा विचार दोन्हींच्या मुळाशी आहे.

श्वान मिळाला तरी दुकानाचे दार उघडावे लागते. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानुसार दुकान, उपाहारगृह किंवा निवासगृह चालविणाऱ्याला सहाय्यक श्वानासह आलेल्या व्यक्तीला अडवता येत नाही. काम उघड दिसत नसेल तर दोनच प्रश्न विचारता येतात: हा श्वान अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे. प्रमाणपत्र मागता येत नाही. तेथे मोटेल व दुकाने चालविणाऱ्या अनेक भारतीय कुटुंबांनाही हा नियम पाळावा लागतो. याचा गैरफायदा घेऊन घरच्या लाडक्या कुत्र्याला बाजारातले जाकीट चढवून मिरविणारेही निघतात. त्यांचा बेशिस्त कुत्रा दुकानात कोणावर धावून गेला की संशय मात्र पुढच्या खऱ्या श्वानावर येतो. खोट्या हुंडीमुळे खरी हुंडी वटेनाशी व्हावी, तसेच हे.

संध्याकाळी मैदानातील दोऱ्या गुंडाळल्या जातात. विजेते रिबिनी घेऊन निघतात, टेबलावरची पेटी उघडून नोटा-नाणी मोजली जातात आणि आकडा वहीत लिहिला जातो. ज्याच्यासाठी ती पेटी भरली, तो माणूस बहुधा तेथे नसतो. तो कोठेतरी एखाद्या चौकात उभा असतो, घाईत असतो आणि म्हणतो, "पुढे." त्याच्या शेजारचा श्वान जागचा हलत नाही. मोटार समोरून निघून जाते. मग दोघेही रस्ता ओलांडतात.