पेटीतले घर

दर शनिवारी संध्याकाळी माझी भाची दोडामार्गमार्गे येणाऱ्या बसमधून आईचा हात धरून उतरते. वय सहा. पाठीला दप्तर आणि हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत तीन कापडी बाहुल्या, दोन कप, एक मोडकी खुर्ची आणि आगपेट्यांचे कपाट. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, सावंतवाडीला नर्स आहे. वडील बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. आठवड्याचे पाच दिवस सावंतवाडीची भाड्याची खोली आणि दोन दिवस नार्व्याचे आजोळ, असा या पोरीचा संसार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आले की ती पिशवी कधी पूर्ण रिकामी करत नाही. एक बाहुली काढते, खेळते, परत आत ठेवते. मी विचारले, "सगळ्या का नाही काढत गं?" ती म्हणाली, "मामा, परत भराव्या लागतात ना."

मी गप्प झालो. खरे सांगायचे तर मला आतून बरेही वाटले. कारण त्या वेळी आमच्या घरात एक वाद चालू होता. पोरीला नार्व्याला ठेवावे, इथल्याच शाळेत घालावे, असे आईचे आणि माझे म्हणणे. बहीण काही ऐकत नव्हती. "तिला माझ्यापासून तोडू नका," एवढेच तिचे उत्तर. पिशवीची गोष्ट कळल्यावर मला वाटले, बघा, पोरीला स्थिर घर हवे आहे. मग मी ठरवले, तिला बाहुल्यांचे घर करून द्यायचे.

आमच्या लहानपणी असले घर कोणी करून देत नसे. परसात माडाखाली झावळ्या टेकवायच्या, करवंट्यांची भांडी, जास्वंदीच्या पानांची भाजी, बाहुला-बाहुलीचे लग्न. भातुकली संपली की घर तिथेच पडून राही. दुसऱ्या दिवशी परस तिथेच असे आणि आम्हीही तिथेच असू. घर उचलून न्यायची वेळच आली नाही.

बाहुलीघर म्हटले की मोठ्यांची हौस फार पुढे जाते. नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन लट्यन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर आखले. ते 1924 मध्ये पुरे झाले. त्यात एका फुटाला एक इंच असे प्रमाण धरले आहे आणि आजही हौशी लोक तेच प्रमाण धरतात. ते घर विंडसरच्या राजवाड्यात आहे, लोक रांग लावून पाहतात. पण ते पाहायचे घर. आमच्या पोरीला हवे होते ते बसमध्ये मांडीवर मावणारे.

मी फुटाला अर्धा इंच असे प्रमाण धरले. तिच्या बाहुल्या अडीच-तीन इंचांच्या, त्यामुळे ते नेमके जमले. सुताराकडून प्लायवूडचे तुकडे आणले, बिजागऱ्या आणि मूठ लावली. आत आमचे नार्व्याचे घर हुबेहूब केले: वसरी, राजांगण, मधोमध तुळस, देवघर, मागे चूल. माटोळीसाठी चार काड्यांची चौकट करून रंगीत मणीसुद्धा टांगले. तीन रविवार गेले. आई रोज येऊन बघे आणि म्हणे, "देवघराचे दार पूर्वेला कर हो."

चौथ्या रविवारी पोरीच्या हातात दिले. तिने दोन्ही हातांनी उचलले, दोन पावले चालली आणि खाली ठेवले. वाण्याच्या काट्यावर नेऊन पाहिले, सव्वापाच किलो! मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावे, असे केंद्र सरकारचे 2020 चे दप्तर धोरण सांगते. पोरीचे वजन अठरा किलो. म्हणजे दप्तरच पावणेदोन किलोच्या वर जायला नको आणि वर मामाचे हे घर. मी मास्तर माणूस, दुसऱ्यांना गणित सांगणारा!

पण खरी चूक वजनाची नव्हती. पोरीने घर उघडून सगळ्या खोल्या पाहिल्या आणि विचारले, "आईचा गॅस कुठाय?"

मी म्हटले, "हे नार्व्याचे घर आहे ना, इथे चूल आहे."

"मग आई कुठे राहणार?"

माझी आई दारात उभी होती. ती काही न बोलता आत गेली. वादात मला जे ऐकू येत नव्हते, ते या प्रश्नाने ऐकू आले. मी पोरीसाठी घर केलेच नव्हते. माझी बाजू मांडण्यासाठी प्लायवूडचे भाषण केले होते.

दुसरे घर आम्ही दोघांनी मिळून केले. टेबलफॅनच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी एका थरात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या ठेवून चिकटवल्या की तो लाकडासारखा ताठ राहतो. आईने चिंचोक्याची खळ शिजवून दिली. सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते करतानाही चिंचोक्याचीच खळ वापरतात. आमच्याकडची दमट हवा लक्षात घेऊन बाहेरून आईच्या जुन्या लुगड्याचे कापड लावले आणि त्यावर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात दिले. बिजागरी लोखंडाची नको, कापडाच्या पट्टीचीच, पुस्तकाच्या बांधणीला असते तशी. दहा इंच लांब, दहा इंच उंच, साडेतीन इंच खोल अशा दोन पेट्या. पुस्तकासारख्या उघडतात आणि मिटतात.

उजव्या पानात नार्वे. डाव्या पानात सावंतवाडी: एक खोली, गॅस, आईचा पांढरा युनिफॉर्म अडकवायला खिळा आणि खिडकी. सामान सगळे वेल्क्रोच्या तुकड्यांनी जागच्या जागी बसते, त्यामुळे बस खड्ड्यातून गेली तरी कपाट पलंगावर पडत नाही. खुर्च्या-टेबल आम्ही सावंतवाडीच्या चितारआळीतून आणले. तिथली लाकडी खेळणी वजनाला हलकी. सगळे मिळून सव्वा किलो. घर मिटले की आवरणेही झाले, पिशवी भरायला नको.

तयार झाल्यावर आईने चष्मा लावून निरखून पाहिले आणि कोकणीत विचारले, "बाये, भितर कोण रावता?"

"सगळीं," पोर म्हणाली.

रात्री आई मला म्हणाली, "आपला देव तरी मूळचा इथला कुठे?" तेही खरेच. आमचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज अमदानीत तिथले देऊळ मोडले तेव्हा भाविकांनी लिंग नदी ओलांडून इकडे आणले. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. नार्वे हे नाव दिवाडीवरही आहे आणि आमच्या गावालाही. दोन काठांवर एकच नाव, मध्ये फेरीबोट. यामुळे कोणाचा देव कमी झाला नाही.

शाळेचा विषय आम्ही पुन्हा काढलेला नाही. पोर सावंतवाडीच्या शाळेत आहे, शनिवारी येते. बहिणीने फोनवर सांगितले की तिकडेही ती आता पेटी उघडी ठेवून झोपते.

कोणाला असे घर करायचे असेल तर एवढेच सांगेन: कात्री हातात घेण्याआधी मुलाला विचारा, आत कोण कोण राहणार आहे. आणि वजन करून बघा. ते मुलालाच उचलायचे असते.

ती प्लॅस्टिकची पिशवी आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. आईने तिच्यात कांदे भरून ठेवले आहेत.