मातांना दोष देण्यापूर्वी

शहरांतील स्त्रिया आपला बांधा बिघडेल या भयाने मुलांना अंगावर पाजीत नाहीत, अशा आशयाचे उद्गार मध्य प्रदेशच्या तत्कालीन राज्यपाल श्रीमती आनंदीबेन पटेल यांनी २०१८ साली इंदूरच्या एका अंगणवाडीत काढले, तेव्हा त्यांवर काही दिवस टीका झाली आणि मग तो विषय मागे पडला. त्या उद्गारांच्या मुळाशी असलेली समजूत मात्र अद्याप मागे पडलेली नाही. दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाचे समारंभ होतात, आणि अशा प्रसंगी व्यासपीठावर उभा राहिलेला लोकप्रतिनिधी, मग तो आमच्या दहिसरसारख्या मुंबईच्या उपनगरातला असो की राजधानीतला, ‘आजकालच्या आयांना’ उपदेशाचे चार शब्द सुनावल्यावाचून पुष्कळदा खाली बसत नाही. ज्या विषयाची माहिती करून घेण्याची तसदी आपण घेतली नाही, त्या विषयात दुसऱ्याच्या, आणि त्यातही नुकत्याच बाळंतपणातून उठलेल्या स्त्रीच्या, हेतूंविषयी शंका घेणे हा सार्वजनिक सभ्यतेचा भंग आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

आरोप आणि वस्तुस्थिती यांत किती अंतर आहे ते सरकारच्याच दप्तरात नोंदलेले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांच्या आतील बालकांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५४.९ होते, २०१९-२१ च्या पाहणीत ते ६३.७ वर गेले. आयांनी रूपाच्या मोहाने पाठ फिरवली असती, तर हा आकडा चढता ना. याच दुसऱ्या पाहणीत आणखी एक गोष्ट नमूद आहे, आणि कोणत्याही भाषणात ती मी ऐकलेली नाही. देशातील शेकडा ८८.६ प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत झाल्या, परंतु जन्मल्यापासून तासाभरात छातीशी घेतलेल्या बालकांचे प्रमाण अवघे ४१.८ होते. तो पहिला तास स्त्री घरात नसते. ती रुग्णालयाच्या स्वाधीन असते, आणि खासगी रुग्णालयांत तर त्या पाहणीनुसार प्रसूतींपैकी जवळजवळ निम्म्या, म्हणजे शेकडा ४७.४, शस्त्रक्रियेने झाल्या. पोटावर ताजे टाके, हाताला सलाईन, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि ‘दूध अजून उतरले नाही, तोवर वरचे देऊ’ असे सांगून डब्यातल्या भुकटीचे दूध वाटी-चमच्याने पाजणारी परिचारिका, असे चित्र जिथे असते तिथे बांध्याच्या काळजीचा प्रश्न येतोच कुठे?

शरीरशास्त्रही या आरोपाला आधार देत नाही. गर्भारपण, वाढते वय आणि वजनातील चढउतार यांनी स्त्रीच्या शरीराची ठेवण बदलते. त्याचा ठपका अंगावर पाजण्यावर ठेवण्यास पुरावा नाही. उलट दूध तयार होण्यासाठी शरीर दिवसाला सुमारे ५०० कॅलरी खर्च करते. दुधाचे प्रमाण स्तनाच्या आकारावर अवलंबून नसून मूल जितके ओढते तितके ते तयार होते. आणि पान्हा फुटण्यास कारणीभूत असणारा संप्रेरकाचा स्राव भीतीने, वेदनेने आणि मानहानीने अडखळतो. याचा अर्थ असा की, बाळंतिणीला चारचौघांत दूषणे देणारा मनुष्य ज्या कार्याचा कैवार घेतल्याचा आव आणतो, त्याच कार्यात प्रत्यक्ष विघ्न आणीत असतो. पहिल्या दिवसांचा पिवळसर चीक हे बाळाचे पहिले संरक्षक कवच. तो पिळून टाकून मध किंवा गुटी चाटवण्याची चाल काही घरांत आजही टिकून आहे. बोलावयाचेच असेल तर या चालीविरुद्ध बोलावे. पण तसे करावयाचे तर मतदारांच्या घरातील वडीलधाऱ्यांना दुखवावे लागते, आणि तरुण आईला दुखवण्यात कोणताही धोका नसतो.

आता दहिसरच्या आयांकडे पाहू. गणपत पाटील नगरातून किंवा केतकीपाड्यातून सकाळी चार घरची धुणीभांडी करण्यास निघणारी स्त्री तान्हे मूल सासूजवळ किंवा शेजारणीजवळ ठेवून निघते; दोन कामांच्या मधल्या वेळात धावतपळत घरी येते, पदराआड मुलाला घेते, आणि त्याचे पोट भरण्यापूर्वीच घड्याळाकडे पाहून त्याला दूर करते. तिला पगारी रजा नाही, पाळणाघर नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५,००० रुपये हप्त्याहप्त्याने, तेही कागदपत्रे बिनचूक असली तर, मिळावयाचे. जी स्त्री चर्चगेटकडे लोकलने नोकरीला जाते, तिचे दुःख निराळ्या जातीचे आहे. पहाटे उठून ती दूध पिळून उकळलेल्या वाटीत काढते, झाकण लावून शीतकपाटात ठेवते, आणि दुपारी कचेरीत छाती दाटून आली की प्रसाधनगृहाचे दार लावून ते दूध बेसिनमध्ये सोडते. कारण काढलेले दूध जपून ठेवावयास कचेरीत जागा नसते, आणि जागेची मागणी करण्यास तोंड उघडवत नाही.

कायद्याने तिला काय दिले आहे? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली. तरतुदी उत्तम आहेत. परंतु त्या २६ पैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले तर नंतर उरतात अठरा, म्हणजे सुमारे चार महिने. आणि जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे असे सांगते. उरलेले दोन महिने कुठून आणावयाचे, हा प्रश्न ज्यांनी विधिमंडळात किंवा संसदेत विचारावयाचा, त्यांनी तो आईच्याच माथी मारावा हे न्यायाचे नव्हे. धुणेभांडी करणारीला तर या तरतुदी वाचण्याचेही प्रयोजन नाही, कारण तिच्या कामाचा समावेशच त्यांत नाही.

लोकप्रतिनिधीने या विषयावर बोलू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. कसे बोलावे याचा दाखला याच मुंबईत आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि प्रसूतीच्या काळात मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार सरकारनेही उचलावा असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याचा तो कायदा झाला. आईने काय करावे हे त्यांनी सांगितले नाही, सरकारने काय करावे हे सांगितले. त्याच परंपरेत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली शीव येथील महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली, आणि अपुऱ्या दिवसांच्या असंख्य बालकांना दुसऱ्या मातांच्या दुधाने आधार मिळाला. १९९२ साली केंद्राने कायदा करून अर्भकांच्या भुकटीच्या दुधाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने आणि वैद्यकीय व्यावसायिकांना दिली जाणारी आमिषे यांस मनाई केली. आईवर अविश्वास दाखवणारे एकही वाक्य या सर्व कार्यात सापडत नाही, आणि म्हणूनच ते कार्य टिकले.

याउलट अलीकडचे उदाहरण पाहावे. नाशिक जिल्ह्यातील देवळालीच्या आमदार सरोज अहिरे २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात तान्ह्या मुलाला घेऊन नागपूरला आल्या, तेव्हा सर्वांनी कौतुक केले, छायाचित्रे छापली. पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी त्या मुंबईत आल्या, तर विधान भवनातील हिरकणी कक्षात, म्हणजे बाळाला पाजण्यासाठी राखलेल्या खोलीत, धूळ होती आणि मुलाला ठेवण्याजोगी सोय नव्हती. तक्रार जाहीरपणे केल्यावर यंत्रणा हालली. जिथे कायदे होतात तिथल्या एका आमदार स्त्रीची ही अवस्था, तर दहिसर स्थानकावर गर्दीत उभ्या असलेल्या आईची काय कथा! ज्या हिरकणीचे नाव आपण या कक्षांना दिले, तिच्या आख्यायिकेत रायगडाचे दरवाजे वेळेवर बंद झाले होते आणि घरी रडणाऱ्या तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली. तिच्या धैर्याचे आपण पोवाडे गातो. परंतु जे राज्य तिचे नाव दारावर लावते, त्याच्यावर ते दार उघडे, स्वच्छ आणि वापरण्याजोगे ठेवण्याचे बंधन येते, म्हणजे दुसऱ्या कोणा आईवर कडा उतरण्याची पाळी येणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठानेही सार्वजनिक ठिकाणी अशा कक्षांची व्यवस्था करण्याविषयी राज्यांना सांगितले, आणि सार्वजनिक जागी पाजण्याकडे कलंक म्हणून पाहिले जाऊ नये असे बजावले.

म्हणून माझी दहिसरच्या मतदारांना विनंती आहे. आपल्या विभागाचा नगरसेवक किंवा आमदार पुढच्या स्तनपान सप्ताहात व्यासपीठावर आला, तर त्याला चार प्रश्न विचारा. महापालिकेच्या प्रसूतिगृहात पहिल्या तासात बाळ आईच्या छातीशी देण्यासाठी आणि ते नीट धरण्यास शिकवण्यासाठी प्रशिक्षित माणूस नेमलेला आहे काय? रेल्वे स्थानकावर, दहिसर पूर्वेच्या मेट्रो स्थानकावर आणि मंडईत आईला बसावयास आडोसा आहे काय, आणि असल्यास त्याची किल्ली कोणाकडे असते? घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी वस्तीत पाळणाघर किती दिवसांत सुरू होईल? भुकटीच्या दुधाविषयीच्या १९९२ च्या कायद्याचा भंग झाल्यास तक्रार कोणत्या कचेरीत नोंदवावयाची? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतील, त्याने आयांना उपदेशही अवश्य करावा. ज्याच्यापाशी नसतील, त्याने आधी ती शोधावीत आणि तोवर आयांच्या बांध्याविषयी एक अक्षरही काढू नये.