हजेरीपट म्हणजे मूल्यमापन नव्हे

‘शेतमालाला भाव द्या, आत्महत्या थांबतील, शाळेत मुलांशी मनाच्या गोष्टी बोलणे ही मध्यमवर्गीय मलमपट्टी आहे,’ असे आपल्यातील काही साथी म्हणतात. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्याने कर्जाचे महत्त्व नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले. महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक, १,७६४. ही मुले हमीभावाच्या लढ्याचा निकाल लागेपर्यंत थांबतील काय?

सरकारी उपायांचा साचा मात्र ठरलेला: शिक्षकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण, मुलांची प्रतिज्ञा, भिंतीवर १४४१६ हा क्रमांक आणि वर पाठवायचा उपस्थितीचा तक्ता. यालाच मूल्यमापन म्हणायचे!

युरोपातील दहा देशांत १६८ शाळांतील ११,११० विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’ने छापले. जेथे मुलांनीच प्रसंग उभे करून, भूमिका वठवून चर्चा केली, तेथे वर्षानंतर आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचे प्रमाण ०.७० टक्के होते; तुलनेच्या शाळांत १.५१. शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिकविल्याने लक्षणीय फरक पडला नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगाथ’ने केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही स्वतंत्र समुपदेशकाचा लाभ दिसला, तेच काम शिक्षकांकडे दिले तेथे दिसला नाही. दोष शिक्षकांचा नव्हे. गुण देणाऱ्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही, आणि जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत राबणाऱ्याला ऐकून घेण्यास उसंत कोठून असणार?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले. ही पदे न भरता ‘तरुणांचा पुढाकार’ म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीच्या जिवाची राखणदार करायचे असेल, तर ती वेठबिगार आहे.

एका तालुक्यात एका वर्षी मृत्यू घटले, म्हणून कार्यक्रम यशस्वी ठरत नाही. एवढी लहान संख्या योगायोगानेही हलते. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतील माध्यमिक शाळांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. निम्म्या शाळांत यंदा काम सुरू व्हावे, उरलेल्यांत पुढील वर्षी. आणि दोन्हीकडे एकच प्रश्नावली कार्यक्रमाशी संबंध नसलेल्यांनी भरून घ्यावी. निराशा किती, प्रयत्न किती, कोणाला सांगितले, सांगितल्यावर त्या मोठ्या माणसाने काय केले? ज्याने धोक्याचे उत्तर दिले, त्याला त्याच दिवशी मदत मिळण्याची सोय आधी हवी. हा गरिबांच्या मुलांवर प्रयोग आहे, असा आक्षेप येईल. सर्व पदे एकाच वर्षी भरली जाणार नाहीत हे उघड असताना, आमदारांच्या शिफारशीपेक्षा चिठ्ठी अधिक न्याय्य नाही काय?

आणि वर्षअखेरीस जी मुले वर्गात नसतील, नापास होऊन, लग्न होऊन वा मजुरीला जाऊन ज्यांची नावे कमी झाली असतील, त्यांच्या घरी जाऊनही हेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत.