बर्फाखालचे फुलपाखरू

मास्तराने वर्गात विनोद करू नये, असे माझे आता पक्के मत झाले आहे. 2018 च्या पावसाळ्यात शास्त्रशाखा सोडून आमच्या मराठीच्या वर्गात आलेली एक विद्यार्थिनी दोन महिन्यांतच मानसशास्त्राकडे निघाली. तिच्या अर्जावर सही करता करता मी साऱ्या वर्गादेखत म्हणालो, "तू म्हणजे अगदी फुलपाखरू आहेस!" मुले हसली. ती मात्र हसली नाही. तिने शांतपणे विचारले, "सर, कोणते?"

मला उत्तर देता आले नाही. फुलपाखरू म्हणजे चंचल, एवढेच आम्हा भाषेच्या मास्तरांचे कीटकशास्त्र!

पुढच्या वर्षी जुलैत भाचीच्या आग्रहावरून आम्ही दोघे स्वित्झर्लंडला गेलो. व्हाले प्रांतातला एक चढ चढता चढता ही दम खायला एका दगडी बांधावर टेकली. इतक्यात पांढऱ्या कागदाच्या कपट्यासारखे काहीतरी तरंगत आले आणि शेजारच्या जांभळ्या फुलावर बसले. दुधी पंख, कडा काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. पुढच्या पंखांवर काजळाची बोटे उमटल्यासारखे डाग, आणि मागच्या पंखांवर कुंकवाची ठसठशीत वर्तुळे. "मामा, हा अपोलो," भाची म्हणाली. लिनिअस या पंडिताने 1758 साली ग्रीकांच्या सूर्यदेवाचे नाव त्याला दिले. नाव अगदी शोभते. सूर्यावर एक ढग आला मात्र, स्वारी गवतात मुकाट बसून राहिली. गारठलेल्या अपोलोला उडता येत नाही. अशा वेळी कोणी छेडले, तर तो पंख पसरून ती लाल वर्तुळे दाखवतो आणि पाय पंखांवर घासून फुसफुसतो.

निघताना भाचीने एक पुस्तक हातात ठेवले. ते वाचले आणि माझा विनोद मलाच बोचू लागला.

अपोलोची मादी उन्हाळ्यात अंडी घालते. अळी आत लवकरच तयार होते, पण बाहेर येत नाही. अंड्याच्या कवचात, बर्फाखाली, ती सारा हिवाळा काढते. म्हणजे आठ-नऊ महिने. वसंतात बर्फ वितळू लागला की कवच फोडून ती बाहेर पडते. अंगावर काळी मखमल आणि दोन्ही बाजूंना नारिंगी ठिपक्यांची ओळ. ती खाते ती सेडम नावाची, खडकांच्या फटींत उगवणारी जाड पानांची वनस्पती. आपल्या पानफुटीच्या कुळातली. घरच्या कढीपत्त्यावरची अळी काडीने डिवचली, की डोक्यामागून वास मारणारी दोन शिंगे काढते ना? अपोलोच्या अळीचीही तीच तऱ्हा, कारण दोघींचे घराणे एक. पुढे दगडाच्या आडोशाला विरळ रेशमाचा कोश, आणि मग पंख. त्या पंखांचे दिवस किती? दोन-तीन आठवडे! (मीलनानंतर नर मादीच्या पोटाखाली एक कठीण टोपण बसवून जातो, म्हणजे दुसऱ्या कोणाची डाळ शिजू नये. दिवाळी अंकात याहून अधिक लिहिणे बरे दिसणार नाही.)

आणि चंचल? त्याला हवा उन्हाचा उघडा खडक आणि त्यावरचे सेडम. मधल्या दऱ्यांत दाट रान असले, तर एका डोंगराचा अपोलो सहसा दुसऱ्या डोंगरावर जात नाही. त्यामुळे डोंगराडोंगराचा वाण थोडा थोडा वेगळा झाला. हौशी संग्राहकांनी असे दोनशेहून अधिक प्रकार मोजले, त्यांना नावे दिली आणि टाचण्या मारून पेट्यांत बसवले.

पोलंडच्या पिएनिनी डोंगरांतली हकीकत तर मन अस्वस्थ करते. मेंढ्या चरायच्या थांबल्या, कुरणांवर झाडी चढली, सेडमवर सावली पडली. 1990 नंतरच्या पहिल्या वर्षांत तेथे वीस-तीसच अपोलो उरले होते. तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या माणसांनी झाडी तोडून उतार मोकळे केले, अळ्या हाताने वाढवल्या, सोडल्या. संख्या शेकड्यांत गेली. पण इतक्या थोड्यांपासून वाढलेला हा वंश. काही कोशांतून पंख नसलेली फुलपाखरे निघाली. अपोलोला आणखी एक नवी भीती आहे. हिवाळ्यातच ऊब पडू लागली, की अळी फसते. वसंत आला समजून वेळेआधी बाहेर येते, आणि बाहेर पाला नसतो.

ती मुलगी मानसशास्त्र घेऊन पदवीधर झाली, असे मागाहून कळले. तीन वर्षे एकाच विषयाला चिकटून! कार्यालयातल्या जुन्या नोंदवहीतून तिचा पत्ता मिळवला आहे. या अंकाची प्रत तिला पाठवीन म्हणतो. या पानावर पेन्सिलीने एवढेच लिहीन: "हे. उत्तराला उशीर झाला."